‘सीओडी आहे का?’ ऑनलाइन विक्रेत्यांनी कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी की नाही?

इन्स्टाग्रामवर साडीचं रील असो, फेसबुकवर गोधडीचा फोटो असो किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर मसाल्यांची यादी असो, खाली दोन प्रश्न हमखास येतात. पहिला ‘प्राइस?’ आणि दुसरा ‘सीओडी आहे का?’

पहिल्याचं उत्तर देणं सोपं असतं. दुसऱ्यावर मात्र घरगुती व्यवसाय करणारे, बचत गट आणि छोटे ब्रँड अडखळतात. ‘नाही’ म्हटलं तर ग्राहक दुसऱ्या पेजवर जातो. ‘हो’ म्हटलं तर पार्सल दारापर्यंत जाऊन परत येण्याची भीती असते. परत आलेल्या पार्सलचं दोन्ही वेळचं भाडं विक्रेत्याच्याच खिशातून जातं.

मग कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी की नाही? कोणत्या वस्तूंसाठी द्यावी? आणि कायदा काय सांगतो?

थोडक्यात महत्त्वाचे मुद्दे

• सीओडीमुळे ऑर्डर वाढतात, पण सगळ्या ऑर्डर पूर्ण होत नाहीत. नफा ठरतो तो पूर्ण झालेल्या ऑर्डरवर.
• परत आलेलं एक पार्सल अनेक यशस्वी ऑर्डरचा नफा खाऊ शकतं, विशेषतः वस्तू स्वस्त असेल तर.
• नाशवंत आणि मापानुसार बनवलेल्या वस्तूंसाठी पूर्ण सीओडी धोक्याची असते.
• थोडी रक्कम आगाऊ आणि उरलेली दारात, हा अनेक छोट्या विक्रेत्यांसाठी मधला मार्ग ठरतो.
• सीओडीसाठी वेगळं शुल्क घ्यायचं असेल तर ते आधीच स्पष्ट सांगायला हवं.

सीओडी नवी, व्ही.पी. जुनी

‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ ही कल्पना ऑनलाइन कंपन्यांनी शोधलेली नाही. भारतात टपाल खात्याने १८७७ मध्येच व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली ‘व्ही.पी.’, सुरू केली होती. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, ठरलेली रक्कम घ्यायचा आणि ते पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे जायचे. पुस्तकं, औषधं, घड्याळं अशा कितीतरी गोष्टी व्ही.पी.ने घरोघरी पोहोचल्या. ‘व्ही.पी.ने मागवा’ हे शब्द मराठी नियतकालिकांतल्या जाहिरातींत कित्येक वर्षं दिसत.

व्ही.पी. परत येण्याची डोकेदुखीही तितकीच जुनी आहे. त्यामुळे काही विक्रेते तेव्हाही थोडी रक्कम आगाऊ मागवून घेत. आजचे विक्रेते ज्याला ‘पार्शियल सीओडी’ म्हणतात, त्याचं हे जुनं रूप.

ऑनलाइन खरेदीत सीओडी रुजली ती २०१० नंतर. २००७ मध्ये पुस्तकविक्रीपासून सुरुवात केलेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही सोय आणली. तेव्हा कार्ड वापरणारे कमी होते. कार्ड असलं तरी न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायला लोक तयार नव्हते. सीओडीने ही अडचण दूर केली आणि बाकीच्या कंपन्यांनाही ती द्यावी लागली.

पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी जाहीर झाली, तेव्हा अनेक कंपन्यांनी काही काळ सीओडी थांबवली किंवा तिच्यावर मर्यादा घातली. त्याच वर्षी यूपीआय आलं. आज भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड दिसतो. तरीही सीओडी संपलेली नाही.

पैसे पाठवण्याचं साधन नाही म्हणून लोक सीओडी निवडतात, असं कारण असतं तर यूपीआयनंतर ती जवळपास संपायला हवी होती. ती टिकली, कारण मूळ अडचण विश्वासाची आहे.

यात नेमकी जोखीम कोणाची?

आजकाल दारात पैसे देणारे अनेक जण रोख देतच नाहीत. डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन करतात. म्हणजे ‘कॅश’ हा शब्द नावापुरता उरला आहे. खरा प्रश्न पैसे कसे दिले याचा नसून कधी दिले याचा आहे.

प्रीपेड ऑर्डरमध्ये ग्राहक आधी पैसे देतो आणि वस्तू येईल या भरवशावर थांबतो. वस्तू आलीच नाही किंवा खराब आली तर धावपळ त्याला करावी लागते.

सीओडीमध्ये हे उलटं होतं. विक्रेता माल, पॅकिंग आणि भाडं आधी खर्च करतो आणि पैसे येतील या भरवशावर थांबतो. एका अर्थी ही अनोळखी माणसाला दिलेली उधारीच असते. किराणा दुकानदार ओळखीच्या घराला उधारी देतो, इथे ओळख फक्त एका मोबाइल नंबरची असते.

मोठ्या मार्केटप्लेसला हे झेपतं. त्यांच्याकडे लाखो ऑर्डरचा इतिहास असतो, कोणता ग्राहक वारंवार पार्सल परत पाठवतो हे त्यांना दिसतं. घरातून महिन्याला ५० पार्सल पाठवणाऱ्या विक्रेत्याकडे ही माहिती नसते.

पार्सल परत का येतं?

कुरिअरच्या भाषेत न स्वीकारलेलं पार्सल मूळ जागी परत येणं म्हणजे ‘आरटीओ’, रिटर्न टू ओरिजिन. लायसन्सवाल्या आरटीओशी याचा संबंध नाही, पण विक्रेत्यांना धसका तितकाच असतो.

कारणं वेगवेगळी असतात:

• ग्राहकाचा विचार बदलतो. रात्री रील पाहून दिलेली ऑर्डर सहा दिवसांनी नकोशी वाटते.
• तीच वस्तू दरम्यान दुसरीकडे स्वस्त मिळते.
• पत्ता अर्धवट असतो. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर पार्सल पोहोचत नाही, कारण गावात मारुतीची मंदिरं तीन असतात.
• फोन लागत नाही, किंवा अनोळखी नंबर म्हणून उचलला जात नाही.
• ग्राहक कामावर असतो आणि घरी असलेल्या व्यक्तीला ऑर्डरबद्दल माहीतच नसतं.
• डिलिव्हरी उशिरा होते. लग्नासाठी मागवलेली साडी लग्नानंतर आली तर कोण घेणार?
• कुणी गंमत म्हणून किंवा त्रास द्यायला खोटी ऑर्डर दिलेली असते.
• क्वचित डिलिव्हरीचा प्रयत्न न करताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद होते.

या यादीतली सगळीच कारणं ग्राहकाच्या लबाडीची नाहीत. पत्ता, फोन, उशीर, घरच्यांना निरोप नसणं, या गोष्टी विक्रेत्याला ऑर्डर पाठवण्यापूर्वी बऱ्याच अंशी सुधारता येतात. म्हणूनच ‘सीओडीचे ग्राहक फसवे’ असं म्हणून विषय संपवणं चुकीचं ठरतं.

आकडेमोड: ८०० रुपयांच्या कुर्त्याचं उदाहरण

समजा, एक विक्रेती ८०० रुपयांना कुर्ता विकते. कुर्त्याची किंमत तिला ४८० रुपये पडते, पॅकिंगला २० रुपये. कुरिअरचं भाडं ७० रुपये आणि सीओडीचं शुल्क ३० रुपये. हे आकडे फक्त गणित समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक व्यवसायाचे आकडे वेगळे असतील.

पार्सल स्वीकारलं गेलं तर: ८०० मधून ५००, ७० आणि ३० वजा करून नफा २०० रुपये.

पार्सल परत आलं तर: जाण्याचे ७०, येण्याचे ७० आणि वाया गेलेलं पॅकिंग २०. एकूण तोटा १६० रुपये. इथे परतीच्या पार्सलवर कुरिअर कंपनी सीओडी शुल्क घेत नाही आणि कुर्ता पुन्हा विकता येतो असं धरलं आहे.

आता १०० सीओडी ऑर्डर पाठवल्या तर काय होईल?

• १० पार्सल परत आली: नफा १६,४०० रुपये
• २५ पार्सल परत आली: नफा ११,००० रुपये
• ४० पार्सल परत आली: नफा ५,६०० रुपये

चाळीस पार्सल परत आली तेव्हाही ६० कुर्ते विकले गेले, म्हणजे ४८,००० रुपयांची विक्री झाली. पेजवर ‘१०० ऑर्डर डन’ची स्टोरी टाकता येते. हातात मात्र ५,६०० रुपयेच उरतात.

परत आलेल्या प्रत्येक पाच कुर्त्यांपैकी एक डागाळलेला किंवा चुरगळून विकण्याजोगा न राहिलेला निघाला, तर चित्र आणखी बिघडतं. ४० परतीच्या बाबतीत नफा १,७६० रुपयांवर येतो.

सीओडी बंद केली तर?

प्रीपेड ऑर्डरमध्ये सीओडी शुल्क लागत नाही. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के धरले तर ८०० रुपयांवर १६ रुपये जातात आणि नफा २१४ रुपये होतो. प्रीपेड पार्सलंही काही वेळा परत येतात, पण सोपं राहावं म्हणून ती इथे धरलेली नाहीत.

• सीओडीत १०० पैकी १० परत येत असतील, तर तेवढाच नफा मिळवायला ७७ प्रीपेड ऑर्डर लागतील.
• २५ परत येत असतील तर ५२ प्रीपेड ऑर्डर पुरतील.
• ४० परत येत असतील तर फक्त २७ प्रीपेड ऑर्डर पुरतील.

‘सीओडी बंद केली तर निम्मे ग्राहक जातील’ ही भीती अनेकांना असते. या उदाहरणात दर चार पार्सलांमागे एक परत येत असेल, तर निम्मे ग्राहक गेले तरी नफ्यात फारसा फरक पडत नाही. उलट पॅकिंगची मेहनत निम्मी होते. पण दहातलं एकच पार्सल परत येत असेल, तर सीओडी बंद करणं महागात पडेल.

म्हणून निर्णय घेण्याआधी विक्रेत्याला स्वतःचा परतीचा आकडा माहीत हवा. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तीन महिन्यांच्या ऑर्डर लिहिल्या तरी तो कळतो: किती पाठवल्या, किती पोहोचल्या, किती परत आल्या आणि का.

स्वस्त वस्तूंचं गणित आणखी कठीण

वस्तू २५० रुपयांची आणि नफा ४० रुपयांचा असेल, तरी परतीचा खर्च जवळपास तेवढाच म्हणजे १६० रुपये राहतो. एका परतीच्या पार्सलचा तोटा भरायला चार यशस्वी ऑर्डर लागतात. कुरिअर कंपन्या वजनासोबत पार्सलचा आकारही मोजतात. त्यामुळे हलकी पण फुगीर वस्तू, जसं की उशी किंवा आकाशकंदील, अपेक्षेपेक्षा महाग पडते.

यावर एक उपाय म्हणजे किमान ऑर्डरची रक्कम ठरवणं. ५०० रुपयांच्या खाली सीओडी नाही, असा नियम छोट्या विक्रेत्यालाही लावता येतो.

अडकलेल्या पैशांचं काय?

परतीइतकीच दुसरी अडचण भांडवलाची असते. सीओडीचे पैसे डिलिव्हरी झाल्याबरोबर विक्रेत्याच्या खात्यात येत नाहीत. कुरिअर किंवा शिपिंग कंपनी ते गोळा करते आणि ठरलेल्या दिवसांनी पाठवते. करारानुसार यात काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. पैसे लवकर हवे असतील तर काही कंपन्या वेगळं शुल्क घेतात.

वरच्या उदाहरणात १०० ऑर्डरसाठी माल आणि पॅकिंगचे ५०,००० रुपये आणि भाड्याचे ७,००० रुपये आधीच बाहेर गेलेले असतात. ते परत येईपर्यंत नवा माल कशातून आणायचा? दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न तीव्र होतो. मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच पैसा आणि माल रस्त्यात अडकलेले असतात. सण उलटून परत आलेले कंदील पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर राहतात.

कोणत्या वस्तूंसाठी सीओडी चालते, कोणत्या नाही?

हापूस आंबा: रत्नागिरी किंवा देवगडहून थेट ग्राहकाला पेटी पाठवणाऱ्या बागायतदारासाठी पूर्ण सीओडी सर्वांत धोक्याची. आंबा वाट पाहत नाही. पेटी दारातून परत फिरली तर बागेपर्यंत येईस्तोवर फळ विकण्याजोगं राहत नाही. इथे परतीचा तोटा म्हणजे भाडं अधिक पूर्ण मालाची किंमत. आगाऊ पैसे घेणं, किंवा शहरात ओळखीच्या ठिकाणी पेट्या उतरवून तिथून वाटप करणं, हे मार्ग जास्त सुरक्षित.

पैठणी: येवल्याच्या हातमागावरची पैठणी हजारो रुपयांची असते. एक साडी आठ-पंधरा दिवस रस्त्यात राहिली तर तेवढं भांडवल गोठतं. परतीत साडी बदलली जाण्याचा किंवा खराब होण्याचा धोकाही मोठा. व्हिडिओ कॉलवर साडी दाखवून आगाऊ रक्कम घेणं दोन्ही बाजूंना सोयीचं ठरतं.

कोल्हापुरी चप्पल: इथे परतीचं मोठं कारण माप असतं. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागून घेतली तर बऱ्याच परती टळू शकतात. तयार मापाच्या चपलेला सीओडी देता येते. खास मापाने बनवलेल्या जोडाला देणं जोखमीचं, कारण तो दुसऱ्या कुणाला विकणं अवघड.

मसाले, चटण्या, पापड: टिकाऊ आणि पुन्हा विकण्याजोगे, पण किंमत कमी. किमान रक्कम ठेवून सीओडी देता येते.

नाव टाकलेल्या वस्तू: नावाची पाटी, फोटो छापलेला मग, बाळाच्या नावाची फ्रेम. परत आली तर तिची किंमत शून्य. पूर्ण रक्कम आगाऊच घ्यावी.

पुस्तकं: खराब होत नाहीत, पुन्हा विकता येतात. सीओडीसाठी त्यातल्या त्यात सोयीची वस्तू. व्ही.पी.चा काळ त्यांच्यावर चालला तो उगाच नाही.

परदेशी ऑर्डर: दिवाळीचा फराळ अमेरिकेला किंवा दुबईला पाठवणाऱ्यांनी सीओडीचा विचार करण्यात अर्थ नाही. भाडंच इतकं असतं की एक पेटी परत आली तर अनेक पेट्यांचा नफा जातो.

ग्राहक सीओडी का मागतो?

याची बाजूही समजून घ्यायला हवी. सोशल मीडियावर खोट्या पेजचा सुळसुळाट आहे. दुसऱ्याच ब्रँडचे फोटो लावून, निम्म्या किमतीची जाहिरात करून, पैसे घेऊन गायब होणारी पेज रोज निघतात. एकदा हात पोळलेला माणूस पुढच्या प्रामाणिक विक्रेत्यालाही सीओडीच मागणार.

प्रत्येकाच्या हातात स्वतःचं बँक खातं जोडलेला फोन असतोच असंही नाही. घरात एकच यूपीआय खातं असेल आणि ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर असेल, तर स्वतःच्या साठवणीतले रोख पैसे देऊन वस्तू घेणं हाच बाईचा स्वतंत्र मार्ग असतो. ज्येष्ठ नागरिकांना फसवणुकीच्या बातम्यांमुळे ऑनलाइन पैसे भरण्याचीच धास्ती असते. सरसकट सीओडी बंद केली की हे ग्राहक आपोआप बाहेर पडतात. त्यांना घालवण्याचा निर्णय विक्रेत्याने निदान समजून-उमजून घ्यावा.

सीओडी म्हणजे पूर्ण सुरक्षितता, हा मात्र गैरसमज आहे. बहुतेक वेळा आधी पैसे द्यावे लागतात आणि मगच पार्सल उघडता येतं. उघडून दाखवण्याची ‘ओपन बॉक्स’ सोय काही वस्तू आणि काही ठिकाणांपुरतीच असते. न मागवलेलं पार्सल सीओडीने पाठवून घरच्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात. आणि सीओडीचा परतावा मिळवायला बँकेचे तपशील द्यावे लागतात, तिथे ‘कस्टमर केअर’च्या नावाने फसवणारे टपलेले असतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

मधला मार्ग: थोडे आधी, बाकी दारात

अनेक छोटे विक्रेते आता ऑर्डरच्या वेळी १०० रुपये किंवा भाड्याएवढी रक्कम आगाऊ घेतात आणि उरलेली दारात. ग्राहकाचा धोका लहान राहतो. त्याच वेळी त्याचे स्वतःचे पैसे गुंतलेले असल्याने तो फोन उचलतो आणि पार्सलची वाट पाहतो. गंमत म्हणून दिलेल्या ऑर्डर जवळपास बंद होतात.

यासोबत पुढच्या गोष्टी केल्या तर परती आणखी घटतात:

१. ऑर्डर पक्की करणारा मेसेज. वस्तू, रंग, माप, एकूण रक्कम आणि पोहोचण्याचा अंदाजे दिवस लिहून ग्राहकाकडून ‘हो’ घ्यावं. उत्तर आलं नाही तर पार्सल पाठवू नये.

२. पूर्ण पत्ता. घर क्रमांक, गल्ली, खूण, पिन कोड आणि दुसरा फोन नंबर. टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. दहा अक्षर-अंकांच्या या कोडवरून नेमकी जागा कळते. निदान लोकेशन तरी मागून घ्यावं.

३. आदल्या दिवशी आठवण. ‘उद्या पार्सल येईल, ८०० रुपये तयार ठेवा किंवा घरी सांगून ठेवा’ एवढा मेसेज पुरतो.

४. पहिला प्रयत्न फसला की त्याच दिवशी फोन. उशीर झाला की पार्सल परतीच्या वाटेला लागतं.

५. प्रीपेडला सवलत. सीओडीचा खर्च वाचतो, त्यातला काही भाग ग्राहकाला द्यावा. दंडापेक्षा सवलत लोकांना पटते.

६. पिन कोडनुसार नियम. ज्या भागातून वारंवार पार्सल परत येतात किंवा जिथे कुरिअर नीट पोहोचत नाही, तिथे आगाऊ रक्कम जास्त ठेवावी. खासगी कुरिअर न जाणाऱ्या गावांसाठी टपाल खात्याची सेवा तपासावी.

७. पॅकिंग करतानाचा व्हिडिओ. वस्तू बदलली किंवा रिकामा डबा आला अशी तक्रार झाली तर तोच पुरावा. परत आलेलं पार्सल उघडतानाही व्हिडिओ काढावा.

पार्सल नाकारणाऱ्या ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते ‘फ्रॉड लिस्ट’ म्हणून ग्रुपवर टाकणं मात्र टाळावं. हे तपशील ग्राहकाने डिलिव्हरीसाठी दिलेले असतात. नाकारण्याचं कारणही अनेकदा वेगळंच असतं.

कायदा काय सांगतो?

सीओडी द्यायलाच हवी का? पैसे कसे घ्यायचे हे विक्रेता ठरवू शकतो. अट एकच, ते ऑर्डरआधी स्पष्ट सांगितलेलं हवं.

ग्राहकाने पार्सल नाकारलं तर भरपाई मिळते का? १९३० च्या माल विक्री कायद्यात, खरेदीदाराने विनाकारण माल नाकारला तर विक्रेत्याला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आहे. पण ८०० रुपयांच्या कुर्त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्राहकावर दावा लावणं खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. व्यवहारात हा तोटा विक्रेत्यालाच सोसावा लागतो.

घरगुती विक्रेत्यांना ई-कॉमर्सचे नियम लागू होतात का? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. कुणी एखादी जुनी वस्तू विकली तर ती गोष्ट वेगळी. नियमितपणे व्यवसाय म्हणून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी मात्र हे नियम आपल्यासाठी आहेत असंच धरून चालावं. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘नो रिटर्न, नो रिफंड’ असं पेजवर लिहिलं म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

आगाऊ रक्कम जप्त करता येते का? इथे जपून राहावं. ऑर्डर पक्की केल्यानंतर ग्राहकाने ती रद्द केली तर ई-कॉमर्स व्यवसायाला रद्द करण्याचं शुल्क लावता येत नाही. अपवाद एकच: व्यवसायाने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यास तोही तसंच शुल्क सोसत असेल तर. पार्सल निघण्यापूर्वी ऑर्डर रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत करणं, आणि निघाल्यानंतर भाड्याचं काय होईल हे आधीच लेखी सांगणं, ही वाद टाळणारी पद्धत.

सीओडीसाठी जादा पैसे घेता येतात का? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी, ई-कॉमर्स कंपन्या सीओडीसाठी जादा शुल्क लावत असल्याच्या तक्रारी आल्या असून त्यांची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. दिशाभूल करणाऱ्या अशा पद्धतींना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात आणि २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे १३ प्रकार दिलेले आहेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या टप्प्यावर शुल्क वाढवणं हा त्यातलाच एक. त्यामुळे शुल्क असेल तर ते किमतीच्या शेजारीच दिसलं पाहिजे.

तक्रार कुठे करायची? खरेदीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०.

मग निर्णय कसा घ्यायचा?

विक्रेत्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पार्सल परत आलं तर वस्तू पुन्हा विकता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पूर्ण सीओडी नको.

एका परतीचा तोटा भरायला किती यशस्वी ऑर्डर लागतात? एक किंवा त्याहून कमी असेल तर सीओडी झेपते. तीन-चार लागत असतील तर किमान रक्कम वाढवावी किंवा आगाऊ घ्यावी.

पंधरा दिवस पैसे आले नाहीत तर धंदा चालेल का? चालणार नसेल तर एका वेळी रस्त्यात असलेल्या सीओडी पार्सलांवर मर्यादा ठेवावी.

अनोळखी माणसाने आधी पैसे द्यावेत इतका विश्वास पेजवर दिसतो का? खरं नाव, फोन नंबर, पत्ता, जुन्या ग्राहकांचे फोटो, परत करण्याचे स्पष्ट नियम, या गोष्टी नसतील तर प्रीपेडचा आग्रह ग्राहकाला संशयास्पदच वाटणार.

नव्या पेजला सुरुवातीला मर्यादित सीओडी देणं सोयीचं असतं, कारण विश्वास कमवायला तेवढी किंमत मोजावी लागते. काही महिन्यांनी ओळखीचे ग्राहक तयार झाले की पहिल्या ऑर्डरला थोडी आगाऊ रक्कम, जुन्या ग्राहकाला पूर्ण सीओडी आणि प्रीपेडला सवलत, अशी रचना करता येते. ज्याने दोनदा पार्सल वेळेवर घेतलं त्याला उधारी देण्यात धोका कमी. गल्लीतला किराणावालाही वर्षानुवर्षं हाच हिशेब करत आला आहे.

आणि ‘सीओडी आहे का?’ असं कमेंटमध्ये विचारणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: ऑर्डर नको असेल तर पार्सल निघण्यापूर्वी एक मेसेज करावा. त्या एका मेसेजने कुणाचे तरी १६० रुपये वाचतात.